आमटी आणि रसम, चॅनेल चौदा

मामंजी, रेडिओचा दुसरा सेट कुणाकडे होता ते मला कळलं. तुम्ही होतात तेव्हा अडीच वर्षं मी खनपटीला बसले होते आणि तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत. आता तुम्हाला जाऊन नऊ दिवस होतात न होतात तर सगळं उलगडलं. याचा आनंद मानावा की तुमच्यावर चिडावं, तेच मला ठरवता येत नाहीये. सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण नाही. तुम्ही समुद्राकडे बघत बसायचात आणि म्हणायचात, "सुम्मा ऐक गे." सुम्मा म्हणजे असंच, उगीच. चोवीस वर्षं या गावात काढल्यावर मला एवढं नक्की कळलंय, की ज्याच्यामागे मोठं कारण असतं त्यालाच इथली माणसं सुम्मा म्हणतात.

उद्या दहावा. बाहेर तुमचा लेक रघु भेटायला येणाऱ्यांना तीच ती हकिकत सांगून थकलाय, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी वही घेऊन बसलेय. येणारा प्रत्येक जण म्हणतो, तुझे सासरे म्हणजे साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते. तुम्ही आणि साधे! तुमच्याइतका हट्टी माणूस मी कऱ्हाडलाही पाहिला नाही आणि चेन्नईतही नाही.

लग्न होऊन आले तेव्हा या घरातली मराठी ऐकून मला हसू यायचं. 'विचारलं'च्या जागी 'पुसलं', 'मला'च्या जागी 'मज', आणि मध्ये मध्ये खुशाल तमिळ. मामंजी हा शब्द आमच्याकडे माझ्या आजीबरोबर संपला होता, तुमच्या तंजावरी घरात तो रोजच्या वापरात होता, म्हणून मीही उचलला. पुढे मुलं तमिळ-इंग्रजीत गेली, रघुची मराठी सणावारापुरती उरली. घरात मराठीतून बोलायला आपण दोघंच राहिलो, त्यामुळे वाद घालायलाही दोघंच.

सगळ्यात मोठा वाद त्या रेडिओचा. गाडी माझी, नवी कोरी, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला जायला घेतलेली. सहा महिने झाले नसतील, तर तुम्ही दोन खोकी घेऊन दारात उभे. म्हणालात, गाडीत सीबी रेडिओ बसवू. मला वाटलं गाण्यांचा. मग कळलं की हा बोलायचा रेडिओ. पाच वॅटचा, परवाना न लागणारा, परदेशात ट्रकवाले वापरतात तसला. मी म्हटलं, अहो, भाजीवाल्याच्या हातातसुद्धा मोबाईल आहे, तुम्ही यावर बोलणार कुणाशी? तर म्हणालात, बघू हवेत कोण आहे ते. आणि दुसरं खोकं? ते जोडीनंच मिळतात म्हणे, एक बिघडला तर एक. ते दुसरं खोकं माळ्यावर गेलं आणि महिन्याभरात माळ्यावरून नाहीसं झालं. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कुणी 'काही नाही, ते तसंच असतं' म्हटलं की माझे कान टवकारतात. मी विचारलं, तुम्ही उडवून लावलंत.

तरीही सेट बसवला तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. तिरुवल्लिकेणीच्या आपल्या बोळात गाडी, शहात्तराव्या वर्षी तुम्ही डॅशबोर्डखाली पाठीवर आडवे, पाय दाराबाहेर, आणि समोरच्या मॅन्शनच्या, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या लॉजच्या, कठड्यावर दात घासत उभी असलेली सगळी बिनलग्नाची नोकरदार मंडळी. प्रत्येकाकडे एकेक सूचना. तुम्ही कुणाला उत्तर दिलं नाहीत. तुमची काम करायची एक रीत होती, ती मला फार आवडायची. कुठलीही तार जोडण्याआधी ती हातात धरून ती कुठून निघाली आणि कुठे जाणार, हे मोठ्यानं म्हणायचं. "ही लाल. बॅटरीहून निघाली, फ्यूजमधून आली, सेटला जाते." मी विचारलं, इतक्या लांबून बॅटरीपासून तार कशाला ओढायची, सिगरेट लायटरच्या भोकातून वीज घेऊ की. तुम्ही आतूनच म्हणालात, ती वीज सगळ्यांची आहे, त्यातून इंजिनाचं रडणंही येईल. आणि फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण पुढे कुठे तार घासून उघडी पडली तरी आग लागता कामा नये. बॉनेटमधून आत यायला पत्र्यात आधीच एक रबरी बूच असतं, त्यातूनच तार घ्यायची, नवं भोक पाडायचं नाही. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. फार वेळ राहिला नाही.

अँटेना मागच्या डिकीच्या कडेला लोखंडी पट्टीनं लावलीत, आणि मीटरचा काटा भलतीकडे. तो मीटर काय सांगतो ते तुम्ही मला अगदी नीट समजावलंत. सेटनं पाठवलेली ताकद अँटेनातून हवेत जातेय, की वाट न मिळाल्यामुळे परत सेटमध्येच येतेय, ते तो दाखवतो. परत यायला लागली की सेट स्वतःलाच जाळतो. म्हणून अँटेना नीट जोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. काटा तीनच्या वर होता, दीडच्या खाली हवा होता. कारण गाडीचा रंग. पट्टीखाली रंग होता, त्यामुळे अँटेनाला गाडीचा पत्रा मिळत नव्हता. तुम्ही खिशातून सँडपेपर काढलात आणि मी गाडीला पाठ लावून उभी राहिले. माझ्या नव्या गाडीचा रंग खरवडायचा नाही म्हणजे नाही. समुद्र दोन पावलांवर आहे, गंज चढेल. महिनाभर आपण त्यावरून बोलत नव्हतो, म्हणजे जेवा आणि चहा घ्या एवढंच बोलत होतो. शेवटी मीच हात टेकले. तुम्ही नखाएवढी जागा खरवडलीत, काटा झपकन खाली आला. मग अँटेनाची काडी थोडी आत, थोडी बाहेर करत पहिल्या चॅनेलवर, चौदाव्यावर आणि सत्ताविसाव्यावर मोजत बसलात. तुमचा चेहरा असा फुलला होता, की मी गप्प बसले. आता त्या जागी गंज आलाय, मामंजी. परवाच पाहिला. माझंच बरोबर होतं.

मग सकाळचा तो नेम सुरू झाला. ऑफिसला जाताना मी तुम्हाला बरोबर घ्यायचं, मरीनाच्या आतल्या रस्त्याला गाडी लावायची आणि सव्वासात वाजता इंजिन बंद करायचं. तिथून उत्तरेला किनाऱ्या-किनाऱ्यानं आवाज मोकळा जातो म्हणायचात. तुम्ही बटण दाबायचात, एक श्वास थांबायचात आणि तमिळमध्ये म्हणायचात, "रसम, रसम, इथे आमटी." आणि खरखरीतून एक म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज यायचा, "आमटी, इथे रसम."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सीटवर उडालेच. आठ कोटी मोबाईलांच्या राज्यात या रेडिओवर रसम नावाचं कोणीतरी बसलं आहे, तेही बरोबर चौदाव्या चॅनेलवर, बरोबर सव्वासातला! तुम्ही म्हणालात, असतात हौशी लोक, खऱ्या नावानं बोलायचं नसतं. आणि बोलणं तरी काय? आवाज कसा येतो. स्वच्छ. वारा कुठला. आज पाण्याचा. खरखर आहे का. बंदराच्या बाजूनं थोडी. दोन-तीन मिनिटं, मग बंद. तुम्ही उतरून वाळूत फेरी मारायला जायचात आणि बसनं घरी परत. रविवारीसुद्धा मला उठवून न्यायचात. मी हळूहळू नोंदी ठेवायला लागले. हा माणूस उत्तरेला राहतो, कारण त्याला बंदराची खरखर माझ्यापेक्षा जास्त. त्याच्या मागे कोंबडा आरवतो. त्याला अँटेनातलं कळतं. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे अडीच वर्षांत तुम्ही दोघांनी एकमेकांना एकदाही 'जेवलास का' असं विचारलं नाही. या गावात अनोळखी रिक्षावालासुद्धा ते विचारतो.

मला बोल म्हणून तुम्ही किती मागे लागलात! माईक माझ्यापुढे धरायचात, "एकदा दाब गे, रसम काय खाणार आहे तुला?" मी हात मागे घ्यायची. माझं तमिळ ऐकून अजून दूधवाला हसतो, ते हवेत कशाला सोडायचं. आज वाटतं, एकदा दाबायला हवं होतं. तुम्ही शेजारी बसलेले असताना.

एका आयुधपूजेला, म्हणजे आमच्याकडच्या खंडेनवमीला, तुम्ही माझ्यावर ओरडलात. चोवीस वर्षांत एकदाच. घरातली सगळी हत्यारं, माझा लॅपटॉप, रघुचा ड्रिल मी पुसून पूजेला मांडला होता. गाडीला हार घातला, चाकांना चंदन-कुंकू लावलं, आणि त्याच बोटानं सेटला लावायला वाकले. तुम्ही मागून असे ओरडलात की वाटी हातातून पडली. "त्यास हात लावू नकोस!" शेजारणी बघत होत्या. मला रडू फुटलं नाही, मी रडणाऱ्यातली नाही, पण चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्हीही कारण सांगितलं नाहीत. तेव्हा मी स्वतःशी म्हटलं, म्हातारपण आलं, स्वभाव चिडका झाला. किती सहज आपण माणसाच्या डोक्यावर वय थापतो.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की माझी मलाच चीड येते. तुम्ही जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी रसम म्हणाले, "आमटी, आज तुझा आवाज खाली आहे. बॅटरी बघ." तुम्ही म्हणालात, बघतो. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून, मीटर लावून बॅटरी तपासली. साडेबारा व्होल्टच्या वर, ठणठणीत. तारा हलवून पाहिल्या. फ्यूज पाहिला. घरी येऊन तुम्हाला ऐटीत सांगितलं की माझ्या गाडीत काही दोष नाही, तुमच्या रसमचे कान गेलेत. तुम्ही हसलात. शनिवारी ते परत तेच म्हणाले, सोमवारी परत. मामंजी, तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी सगळं तपासलं, तुम्हाला सोडून. घरात पाच माणसं, रोज तुमच्याशी बोलणारी, आणि तुमचा आवाज खाली गेलाय हे कळलं ते कुठल्या तरी गल्लीत खरखरीतून ऐकणाऱ्या माणसाला. बुधवारी पहाटे तुम्ही गेलात.

काल आठवा दिवस. गाडी आठ दिवस जागची हलली नव्हती, म्हणून रघु म्हणाला जरा फिरवून आण. मी बोळातून बाहेर पडले आणि हातांनीच मला मरीनाला नेलं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. मी सेट चालू केला. नुसतं कुतूहल होतं, खोटं कशाला सांगू. हा माणूस अजून येतो का, बघावं.

ते आले. "आमटी, आमटी, इथे रसम." थांबले. परत तेच. मग म्हणाले, "आमटी, तुझा सेट बिघडला असेल तर अँटेनाची पट्टी बघ. खारं वारं आहे." परत थांबले. असं त्यांनी पाच मिनिटं केलं. आवाजात काळजी होती आणि ती लपवायची धडपडही होती. माझ्या लक्षात आलं की गेल्या बुधवारपासून हा माणूस रोज सव्वासातला असाच हाका मारत असणार. मी माईक उचलला. अंगठा बटणावर ठेवला. दाबता आला नाही. बातमी सांगायची होती ती त्यांना, आणि मला तर ते कोण हेही माहीत नव्हतं.

घरी येऊन रघुला सगळं सांगितलं. कोंबडा, उत्तरेची खरखर, रसम. रघु ऐकत ऐकत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अँटेना कळणारा, बंदरापलीकडे राहणारा अप्पांच्या ओळखीचा एकच. कण्णप्पन."

हे नाव मी या घरात पहिल्यांदा ऐकलं. जॉर्ज टाउनच्या दुकानात तुम्ही बोटींचे वायरलेस सेट दुरुस्त करायचात हे मला माहीत होतं. पण दुकान दोघांचं होतं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. रघुनं जे सांगितलं ते असं. मी येण्याच्या दोन वर्षं आधी एका मासेमारी बोटीचा सेट तुम्ही दुरुस्त केलात, तपासलात, वर 'तपासला' अशी तुमच्या सहीची चिठ्ठी लावलीत. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. सगळी हत्यारं आणि सेट फळीवर मांडले आणि कण्णप्पननी एकेकाला चंदन-कुंकू लावलं. त्या सेटच्या माथ्यावर मधोमध एक गोल खळगा होता, अगदी टिळ्याजोगा. ते अँटेना जोडायचं भोक होतं. पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी कुणी वापरत नाही, त्यामुळे चंदन रात्रभरात आत वाळून कडक झालं. विजयादशमीला सकाळीच बोटवाले घाईघाईनं आले आणि तुम्ही सेट पूजेच्या फळीवरून उचलून त्यांच्या हातात दिलात. चिठ्ठी होतीच वर.

समुद्रात इंजिन बंद पडलं. त्यांनी बटण दाबलं, ताकद बाहेर गेलीच नाही, सेट जळला. बोट दीड दिवस उशिरा परत आली. माणसं सगळी सुखरूप आली, पण त्यांच्या बायका दीड दिवस वाळूत बसून होत्या. मग त्या दुकानावर आल्या. आणि त्या बायकांच्या समोर तुम्ही कण्णप्पनकडे बोट दाखवलंत, आणि कण्णप्पननी तुमच्याकडे. तुमचं म्हणणं, तपासलेल्या सेटवर चंदन थापलंस तू. त्यांचं म्हणणं, फळीवरून उचललेला सेट परत न तपासता दिलास तू. त्या दिवसापासून बोलणं बंद. दुकान पुढे बंदच झालं. रघु म्हणाला, अप्पांनी, मी मेल्यावरही त्याला घरात घेऊ नका, असं सांगितलं होतं, निदान त्या वर्षी तरी. आणि मग तोच विचारात पडला, की एकमेकांचं नाव न घेणारी ही दोन माणसं अडीच वर्षं रोज बोलत होती?

बोलत नव्हते ना पण! हेच तर मला आत्ता कळलं. तुम्ही अबोला मोडलाच नव्हता. तुम्ही फक्त सेट तपासत होतात.

रघु म्हणाला, राहू दे, थोड्या दिवसांनी आपोआप कळेल त्याला. मी म्हटलं, कसं कळेल? पट्टी गंजली असं समजून तो माणूस वर्षभर हाका मारत बसेल. रघु म्हणाला, कळवायचंच तर पत्ता शोधून कुणाला तरी पाठवू. मला ते पटलं नाही. ज्या वाटेनं तुम्ही रोज गेलात त्याच वाटेनं बातमी जायला हवी होती. ती वाट माझ्या गाडीतून जात होती आणि दाबायचा अंगठा माझा होता.

आज सकाळी सव्वासातला मी तिथे होते. त्यांनी हाक मारली. मी बटण दाबलं, एक श्वास थांबले आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये, जिथे सासराही मामाच असतो, म्हटलं, "मी आमटींची सून बोलतेय. मामा गेल्या बुधवारी गेले." बटण सोडलं. नुसती खरखर. इतका वेळ, की मला वाटलं त्यांनी सेट बंद केला. मग आवाज आला.

"त्रास झाला का त्याला?"

मी सांगितलं, नाही, झोपेतच गेले. परत खरखर. मग ते म्हणाले, "त्याचा आवाज खाली होता." मी म्हटलं, हो. बॅटरी मी तपासली होती.

आणि मग मी तुमच्या नावानं खोटं बोलले, मामंजी. मला ती मधली खरखर सहन होईना. मी म्हटलं, मामा तुमच्याबद्दल बोलायचे, शेवटी शेवटी म्हणायचे की त्या सेटच्या बाबतीत चूक माझीच होती, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. बटण सोडलं आणि घाम पुसला. पलीकडून लगेच उत्तर आलं.

"पोय! खोटं. तो मेला तरी असं म्हणणार नाही."

आणि ते हसायला लागले. त्या हसण्याचं मध्येच काहीतरी दुसरं झालं, आणि त्यांनी बटण सोडलं असावं, कारण परत नुसती खरखर आली. मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले. नऊ दिवसांत पहिल्यांदा. समोरून मॉर्निंग वॉकवाले बघत जात होते, जाऊ देत. थोड्या वेळानं तेच म्हणाले, घर तिथेच आहे ना? मी येतो.

दहा वाजता आले. बंदरापलीकडच्या रायपुरमहून स्वतःची जुनी व्हॅन चालवत. बारीक अंगाचे, पांढरी वेष्टी नेसलेले, कानात केस. रघु दारात ताठ उभा राहिला, पण 'या' म्हणाला. मी कॉफी दिली. त्यांना विचारलं, सेट तुमच्याकडे आला कसा? म्हणाले, कुरिअरनं खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव खोटं, आत चिठ्ठीवर फक्त 'चौदा, सव्वासात'. अक्षर ओळखीचं होतं. चार दिवस त्यांनी खोक्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी व्हॅनमध्ये बसवला आणि तुमची हाक आली. रसम हे नाव? ते त्यांनी तिथल्या तिथे ठेवलं, समोरचा स्वतःला आमटी म्हणवतोय म्हटल्यावर.

मग ते तुमच्या फोटोसमोर जाऊन मांडी घालून बसले. हात जोडले नाहीत. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी घसा साफ केला आणि फोटोकडे बघत सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "फळीवरून उचललेला सेट परत तपासायचा असतो. हे मला तूच शिकवलंस. मग तूच कसा विसरलास?"

आणि थांबले. रेडिओवर थांबतात तसे. बोलून झालं, बटण सोडलं, आता समोरच्यानं बोलायचं. आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रघुनं मान खाली घातली. ते थांबलेलेच, फोटोवरची नजर न हलवता. त्या थांबण्याला अंत नव्हता, मामंजी. मला ते बघवेना.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आणि अँटेनाच्या भोकात टिळा लावायचा असतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी झटकन मान वळवली. आधी राग आला, मग त्यांचा सगळा चेहरा जागा झाला. म्हणाले, ते भोक आहे हे मला दिसत नव्हतं, वर धूळ होती. मी म्हटलं, मग आधी पुसायचं, पूजेला हत्यार पुसूनच ठेवतात. ते म्हणाले, पुसायचं काम त्याचं होतं. मी म्हटलं, त्यांनी चिठ्ठी लावली म्हणजे त्यांचं काम संपलं. ते म्हणाले, चिठ्ठी लावल्यावर काम संपतं असं म्हणणाऱ्यानं समुद्राचं काम करू नये. अर्धा तास चाललं. माझं तमिळ चार ठिकाणी मोडलं, कुणी हसलं नाही. जाताना म्हणाले, तू त्याच्यासारखीच हट्टी आहेस, आणि व्हॅनमध्ये बसताना त्यांनी डोळे पुसले.

खरं सांगू? विचार करून बघितलं तर मला त्यांचंच पटतं. सेट परत तपासायला हवा होता, मामंजी. चूक तुमची होती. पण हे मी त्यांना कधीही सांगणार नाही.